मग पुढं काय?

जालन्याच्या एमआयडीसीजवळच्या आमच्या वसाहतीत कुणाची मुलगी पीएच.डी.ला लागली, की ती बातमी तिच्या सख्ख्या मामाच्या आधी मार्गदर्शक काकांना कळते. कशी कळते ते कुणाला सांगता येत नाही. पेढे वाटलेले नसतात, कारण प्रवेशाचे पेढे वाटायचे की पदवीचे, यावर त्या घरात अजून एकमत झालेलं नसतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची एम-एटी त्या घरासमोर थांबते, स्टँडवर चढते, आणि काका उंबऱ्यातूनच विचारतात, "ऐकलं ते खरं का? अभिनंदन. मग पुढं काय?"

पीएच.डी. सुरू होऊन तेव्हा एक दिवस झालेला असतो.

काकांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे आणि बहुधा तिथंच राहणार आहे. वसाहतीत त्यांना मार्गदर्शक काका म्हणतात, काही वात्रट पोरं नुसतंच 'मार्गदर्शन' म्हणतात. "मार्गदर्शन येऊ लागलंय" असं कुणी ओरडलं, की टपरीवरचे दोन-चार संशोधक अर्धा चहा टाकून पसार होतात. हा माणूस एकट्या जालन्याचा मात्र नाही. तुमच्या गल्लीतही तो असेल, कदाचित तुमच्या घरातच असेल. तुम्ही स्वतःच तो असाल, तर पुढचं जरा सावकाश वाचा.

काकांनी एका स्टील कारखान्याच्या लॅबमध्ये उभी नोकरी काढली. 'जालना सोने का पालना' असं पूर्वीपासून म्हणतात. काकांच्या मते त्यातलं सोनं कुणी पाहिलेलं नाही, पण पाळण्याच्या सळ्या मात्र नक्की इथल्याच. ट्रकनं भंगार यायचं, इंडक्शन भट्टीत वितळायचं, त्याच्या बिलेट व्हायच्या आणि रोलिंग मिलमधून लालभडक सळई पळत निघायची. या सगळ्यात काकांचं काम एवढंच, की हीट ओतायच्या आधी काढलेला नमुना घासायचा, स्पेक्ट्रोवर ठेवायचा, कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती ते बघायचं आणि 'सोडा' किंवा 'थांबा' म्हणायचं. तेवढा वेळ भट्टीवाला, सुपरवायझर, कधीकधी मालकसुद्धा काकांच्या तोंडाकडं बघत उभा. निवृत्त झाल्यावर काकांना पगाराची आठवण आली नाही, इतकी त्या नजरांची आली. दुसऱ्याच्या आयुष्याला 'सोडा' किंवा 'थांबा' म्हणायची सोय शोधता शोधता ते जीवशास्त्राच्या संशोधकांपर्यंत येऊन पोचले आणि तिथंच रमले.

रमणारच. इंजिनिअरिंगच्या पोरांना कॅम्पस असतो. सिरसवाडीकडं 2018 पासून मुंबईच्या आयसीटीचं केंद्र आलंय, तिथल्या मुलांना तर अभ्यासक्रमातच कारखान्यात धाडतात. सीए होणाऱ्याला आर्टिकलशिप असते. मायक्रोबायोलॉजीत नाहीतर बायोकेमिस्ट्रीत पीएच.डी. करणाऱ्याला मात्र आईशिवाय कुणी काही विचारत नाही, आणि आईसुद्धा "कधी संपणार?" एवढंच विचारते. शेजारचे लोक 'डॉक्टर होऊ लागली' ऐकून बीपीच्या गोळ्यांचा कागद घेऊन येतात, आणि तो तिला वाचता येत नाही म्हटल्यावर विद्यापीठावरच संशय घेतात. अशा माणसाला काका भेटणं हे उन्हात सावली भेटण्यासारखं आहे, असं मी म्हणणार नाही. पण कुणीतरी भेटतं, हे खरं.

काकांची चार वाक्यं ठरलेली आहेत. 'मग पुढं काय?' हे पहिलं. 'एक काम कर' हे दुसरं, आणि त्यानंतर कमीत कमी सात कामं येतात. 'तिथं आपला माणूस आहे' हे तिसरं. 'लिहून घे' हे चौथं. ते ऐकून समोरच्यानं मोबाइल काढला, तर काका बोलायचे थांबतात. मोबाइलवर लिहिलेलं ते लिहिलेलं धरत नाहीत, कागद लागतो. कागद नसला तर टपरीवाला मामा बिस्किटाचं खोकं फाडून देतो. आमच्या वसाहतीतल्या बऱ्याच उच्चशिक्षितांची पहिली दिशा पारले-जीच्या खोक्याच्या आतल्या, पांढऱ्या बाजूवर आखलेली आहे.

स्वतः काका डायरीत लिहितात. सळईच्या कंपन्या दरवर्षी डायऱ्या वाटतात, त्या गोळा करणं हे त्यांचं जानेवारीतलं मुख्य काम. प्रत्येक डायरीला विषय ठरलेला आहे. एकीवर 'नेट-सेट' लिहिलंय, एकीवर 'बियाणे', एकीवर 'दवाखाना व औषध', एकीवर 'बाहेरदेश'. आत पेपरातली कात्रणं खळीनं चिकटवलेली. सगळ्यांत जाड डायरी वयोमर्यादांची. काकांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण कुठल्या फेलोशिपला किती वय चालतं ते झोपेत विचारलं तरी सांगतील. रस्त्यात भेटलेल्या तरुणाला ते आधी वय विचारतात आणि मग मनातल्या मनात एकेक दार लावून घेतात. "चौतीस? म्हणजे नॅशनल पोस्टडॉकला एक वर्ष हातात आहे. तू चहा काय पीत बसलायस?"

नेट, सेट, पेट, बेट ही त्यांची रोजची उजळणी. विज्ञानाची नेट सीएसआयआरची, सेट पुणे विद्यापीठ घेतं, पेट ही आपल्या मराठवाडा विद्यापीठाची पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, आणि बेट ही दिल्लीच्या जैवतंत्रज्ञान विभागाची. आयसीएमआरची ज्युनिअर फेलोशिपची परीक्षा या यमकात बसत नाही, म्हणून तिचा उल्लेख काका शेवटी, जरा नाराजीनं करतात. फेलोशिपचे आकडे त्यांना तोंडपाठ. 2023 च्या जानेवारीपासून ज्युनिअरला महिना 37,000, सिनिअरला 42,000, शिवाय घरभाडं, आणि एकूण मुदत पाच वर्षं. एवढं सांगून झालं, की ते हाताची पाच बोटं वर करतात आणि एकेक मिटत जातात. शेवटी मूठ राहते. "ही मूठ उघडल्यावर आत काय असणार, ते आजच ठरवायचं. लिहून घे."

आता त्यांच्या जंतवाल्या मुलीबद्दल सांगतो. आमच्या मागच्या लाइनीतली ही मुलगी. तिचा विषय शेळ्यांच्या आतड्यातले पट्टकृमी. मराठवाड्यात प्राणिशास्त्रवाल्यांचा या विषयावर पूर्वीपासून जीव. मुलगी पहाटे उठून डबा घेऊन खाटकाकडं जायची, आतडी आणायची, आणि तिची आई शेजारणींना "ती मॉर्निंग वॉकला जाते" म्हणून सांगायची. काकांनी पहिल्याच भेटीत तिची उलटतपासणी घेतली.

"जंत म्हणजे गोळी घेतली की पडतात तेच?"

"हो काका, त्याच जातकुळीतले."

"मग गोळी असताना पाच वर्षं कशाला?"

मुलीनं मान खाली घातली. हा प्रश्न तिच्या गाईडनंही विचारला नव्हता. पण काकांनी तो टोमणा म्हणून विचारलेला नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मग तिनं सांगितलं: कुठल्या गावच्या शेळ्यांत कुठला जंत, पावसाळ्यात किती, उन्हाळ्यात किती, सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायचा कसा, त्याला रंग द्यायचा कसा, एका जंताचं चित्र काढायला किती वेळ लागतो. काकांनी डायरी काढली आणि तिच्या विषयाचं नाव लिहिलंच नाही. त्यांनी लिहिलं: 'सूक्ष्मदर्शक. स्लाइड बनवणे. रंग देणे. गावोगाव फिरून नमुने आणणे. नोंद ठेवणे. खाटकाशी बोलणे.' शेवटच्या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

"हे खाटकाशी बोलणं कशाला लिहिता?" मुलगी लाजली.

"अगं पोरी, पहाटे पाच वाजता खाटकाकडून फुकट माल आणणं डॉक्टरेटपेक्षा अवघड आहे."

काकांचं सगळं शास्त्र एवढ्यात आलं. विद्यापीठात भेटेल तो 'विषय काय?' विचारतो. काका 'हातानं काय येतं?' विचारतात. कारखान्यात त्यांनी तेवढंच विचारलेलं असतं. तिथं कुणी 'माझा विषय गंधक आहे' म्हणत नाही, 'मला स्पेक्ट्रो येतो' म्हणतात. पुढं बरेच दिवस काका जंतांनी झपाटले. 10 फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो आणि तो 2015 पासून सुरू झाला, हे त्यांनी टपरीवर प्रत्येकाला ऐकवलं, लोक वडापाव खात असताना. मुलीला त्यांनी सांगितलं, की तुझ्या अर्जात शेळीच्या आधी माणूस येऊ दे. तालुक्यातल्या पोरांना शाळेत गोळ्या का वाटतात, इथून सुरू कर, मग शेळीवर ये. तिनं तसं केलं. तिच्या सादरीकरणाला पहिल्यांदाच कुणी जांभई दिली नाही, असं ती सांगते.

दुसरा विधी बायोडेटाचा. "बायोडेटा आण" म्हटलं की संशोधक मोठ्या विश्वासानं आठ-नऊ पानं आणतो. त्यात एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रं असतात, दोनदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषदा असतात, आणि लॉकडाऊनमध्ये घरी बसून मिळवलेली प्रश्नमंजूषांची ई-प्रमाणपत्रं असतात. काका चष्मा कपाळावर चढवतात, पानं तळहातावर तोलतात आणि म्हणतात, "ट्रकभर सळईचं टेस्ट सर्टिफिकेट एका पानाचं असतं. त्याच्या भरवशावर पूल उभा राहतो. तू काय उभं करणारेस?" मग लाल पेननं काट मारायला बसतात. यात कधीकधी चांगला शोधनिबंधही कापला जातो, कारण त्याचं नाव काकांना लांब वाटतं. छंद मात्र ते कधीच कापत नाहीत. 'वाचन व संगीत' असं लिहिलेलं असेल तर विचारतात, "कुठलं वाचन?" आणि उत्तर आलं नाही, तर तेवढं तिथंच बसून बदलून घेतात.

मुलाखतीची तालीम टपरीवर होते. बाकावर मध्ये काका, एका बाजूला मामा, दुसऱ्या बाजूला त्या वेळी जो कुणी ट्रक ड्रायव्हर चहाला थांबला असेल तो. उमेदवार समोर उलट्या क्रेटवर. नियम एकच: चहा उतू जायच्या आत आपलं संशोधन सांगून संपवायचं. एका मुलाचं काम उंदरांमधल्या मधुमेहावर होतं, तो 'स्ट्रेप्टोझोटोसिन'पाशी अडखळेपर्यंत मामानं गॅस बंद केला होता. काकांचे प्रश्न साधारण असे: आधीच्या ठिकाणी भांडण झालं होतं का, रात्रपाळी चालेल का, पगार किती घेणार. संशोधक शेवटच्या प्रश्नाला हमखास "जे द्याल ते" म्हणतो आणि काका हमखास चिडतात. "मंडईत मोसंबीवाला 'जे द्याल ते' म्हणतो का? आकडा बोल." सगळ्यांत नेमका प्रश्न मात्र बहुतेक वेळा मामाकडून येतो. मधुमेहाच्या मुलाला त्यानं विचारलं, "ते उंदीर बरे झाले का?" मुलगा बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "काही झाले." काका डायरीत लिहीत होते, त्यांनी वर न बघता सांगितलं, "हे वाक्य आधी बोलायचं."

'तिथं आपला माणूस आहे' या वाक्याची गंमत वेगळी. जालना ही बियाण्यांची पंढरी. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली इथं महिको काढली, 1998 साली त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि संभाजीनगर रस्त्यावर दावलवाडीला त्यांचं संशोधन केंद्र उभं आहे. काका हे सगळं घरचं कार्य असल्यागत सांगतात. "त्यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली. त्यांना कुणी विचारलं का, इम्पॅक्ट फॅक्टर किती?" तर अशाच एका बियाणे कंपनीत आपला माणूस आहे, असं सांगून काकांनी डीएनएचं काम येणाऱ्या एका मुलाला एम-एटीवर मागं बसवून ऐन मे महिन्यात तिकडं नेलं. आपला माणूस गेटवरच भेटला. तो गेटवरच भेटणार होता, कारण तो वॉचमन होता. मुलाचा चेहरा उतरला. पण वॉचमननं दोघांना माठातलं पाणी दिलं आणि सांगितलं, की साहेबाला आत्ता भेटू नका, हंगाम तोंडावर आहे, डोकं तापलेलं असतं. बियाण्याची शुद्धता तपासायला लॅबमध्ये माणसं कमी आहेत, पंधरा दिवसांनी या, आणि अर्जावर पीसीआर मोठ्या अक्षरात लिहा, आतले लोक तेवढंच बघतात. अशी माहिती कुठल्या पोर्टलवर मिळते? मुलगा आता तिथं नाही, दुसरीकडं बऱ्या जागी आहे. पण आजही तो कुठं गेला की आधी वॉचमनशी बोलतो.

काका चुकतात, आणि चुकतात तेही ठणठणीत आवाजात. फार्माकोव्हिजिलन्स या क्षेत्रात बायोकेमिस्ट्रीवाल्यांना वाव आहे, हे त्यांनी कुठंतरी वाचलं आणि ते दक्षता पथक आहे, असं धरून चालले. एका भिडस्त मुलीला त्यांनी छापे घालायची मानसिक तयारी करायला लावली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवायचं काम असतं, 2010 पासून देशभर त्याचा सरकारी कार्यक्रम चालू आहे आणि मेडिकल कॉलेजांतून त्याची केंद्रं आहेत, हे तिनंच त्यांना समजावून सांगितलं. काका जराही ओशाळले नाहीत. "म्हणजे तक्रार नोंदवही! मग ते तर छाप्यापेक्षा चांगलं. एक काम कर..."

पोस्टडॉक ही गोष्ट पटायला मात्र त्यांना वर्षं लागली. डॉक्टर झाल्यावर पुन्हा फेलोशिप, पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली, पुन्हा दोन-तीन वर्षांची मुदत, हे ऐकून ते हतबुद्ध झाले होते. शेवटी त्यांनी ते आपल्या पद्धतीनं मांडून घेतलं. "सळईची रीबेंड टेस्ट असते. आधी 135 अंशांत वाकवायची. मग उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायची. मग थंड करून उलटी सरळ करायला घ्यायची. तडा गेला नाही तर पास. पीएच.डी. म्हणजे वाकवणं. पोस्टडॉक म्हणजे उकळतं पाणी." कुणीतरी विचारलं, "आणि सरळ करणं म्हणजे?" काका म्हणाले, "नोकरी. तडा बहुतेक तिथंच जातो."

या सगळ्यासाठी कॉलेजांतून सोय नाही असं नाही. मी स्वतः एका कॉलेजात 'करिअर मार्गदर्शन कक्ष' अशी सुंदर पाटी पाहिली आहे. खोलीला कुलूप होतं. किल्ली शिपायाकडं होती, शिपाई परीक्षेच्या ड्युटीवर होता, आणि खिडकीतून आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आणि कॅरमबोर्ड दिसत होता. काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "कक्ष कशाला पाहिजे? बाकडं बस्स झालं. पण रोज एकाच जागी पाहिजे."

काकांचा सख्खा पुतण्या अमेरिकेत पोस्टडॉक आहे. दिवाळीला आला तेव्हा त्यानं तिकडची हकीकत सांगितली. तिथल्या मोठ्या विद्यापीठांत जीववैद्यक संशोधकांसाठी या कामाचं वेगळं ऑफिस असतं. बायोडेटा तपासून देतात, मुलाखतीची तालीम घेतात, पगाराची बोलणी कशी करायची तेही शिकवतात. 'सायन्स' नियतकालिक चालवणाऱ्या संस्थेनं 2012 साली इतर काही संस्थांना बरोबर घेऊन 'माय-आयडीपी' नावाची सोय काढली. तुला काय येतं, काय आवडतं, कशाची किंमत वाटते, हे भरायचं, की ते वीस प्रकारच्या वाटांशी ताडून दाखवतं. एनआयएच ही तिथली आरोग्य संशोधनाची सरकारी संस्था. तिनं 2013 पासून काही विद्यापीठांना खास निधी दिला, कारण पीएच.डी. झालेले सगळेच प्राध्यापक होणार नाहीत, तर त्यांना पेटंट, औषध-परवाने, विज्ञानलेखन, उद्योग अशा दुसऱ्या वाटा दाखवा, हे सरकारलाच पटलं.

काका डोळे बारीक करून ऐकत होते. 'तुला काय येतं' या प्रश्नाला त्यांनी मान डोलावली, शाळेतला जुना वर्गमित्र भेटावा तशी. मग विचारलं, "हे ऑफिस बंद किती वाजता होतं?"

"पाचला, काका."

"आणि एखाद्याला रात्री अकराला टेन्शन आलं तर?"

पुतण्या म्हणाला, ईमेल करायचा. काकांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत अमेरिकेबद्दल खरी कणव होती.

रात्री अकराची गोष्ट ते उगाच करत नाहीत. वसाहतीतल्या एका सुनेचं पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू असताना घरात पाळणा हलला. मध्ये खंड पडला तर नोंदणीच जाईल, असं कुणीतरी तिला सांगितलं आणि तिनं ते खरं मानून पुस्तकं माळ्यावर टाकली. काकांना हे बारशाच्या पंगतीत कळलं. तिथं ते काहीच बोलले नाहीत, जिलबीसुद्धा नको म्हणाले. रात्री उशिरा त्यांनी डायरी काढली. यूजीसीची 2022 ची नियमावली: कमाल मुदत सहा वर्षं, बायकांना आणखी दोन वर्षांची सवलत, आणि सगळ्या काळात मिळून 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. सकाळी त्या पानाची झेरॉक्स काढली, एक प्रत तिला दिली, एक तिच्या सासऱ्यांना दिली, आणि एक, कारण नसताना, झेरॉक्सवाल्याला दिली. "ठेव. कुणाला तरी लागंल." सुनेनं पुस्तकं माळ्यावरून काढली. सासरे अजून काकांशी जरा फटकून वागतात, पण बाळाला फिरवायची ड्युटी त्यांच्याकडंच आहे.

घरात मात्र काकांचं मार्गदर्शन चालत नाही. मुलानं त्यांचा एकही सल्ला न मानता ठिबक सिंचनाचं दुकान टाकलं आणि ते बरं चाललंय, याचं काकांना आतून दुःख आहे. काकू तर सरळ सांगतात, "जगाच्या वयोमर्यादा पाठ आहेत ह्यांना. स्वतःचा ईपीएस-95 चा पेन्शनचा फॉर्म मीच भरला. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला मीच ओढून नेते. तिथं अंगठा द्यायच्या आधी मशीनवाल्या पोराला विचारतात, शिक्षण काय तुझं?" काकूंनी हे चिडून सांगावं अशी अपेक्षा असते, पण त्या सांगता सांगता टपरीवर पाठवायचा डबा भरत असतात. त्यात चिवडा जरा जास्तच असतो, कारण मुलाखतीला बसणारं पोर उपाशी असतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

सध्या काकांना नवं खाद्य मिळालंय. 2024 मध्ये जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. पुढच्या वर्षी जुलैत राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे अध्यापकांबद्दलचे नवे नियम आले, आणि त्यात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या जोडीला मायक्रोबायोलॉजी आणि फार्माकॉलॉजीतही एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्यांना दार उघडलं. पेपरात मथळा वाचताच काकांनी वसाहतीतल्या झाडून सगळ्या पीएच.डी.वाल्यांना फोन लावले, अगदी वनस्पतिशास्त्रवाल्यालाही. जंतवाली मुलगी म्हणाली, "काका, ते मेडिकलच्या एम.एस्सी.चं आहे. माझी झूलॉजी आहे."

"बारीक अक्षरात काय लिहिलंय ते समक्ष विचारल्याशिवाय कळत नाही," असं म्हणून काका चौकशीला एका सरकारी कार्यालयात गेले. सोबत मला नेलं, कारण एम-एटीचं पेट्रोल संपलं होतं. खिडकीवरच्या बाबूनं मान वर न करता सांगितलं, की जे काय असेल ते वेबसाइटवर येईल. एवढं ऐकून दुसरा कुणीही परतला असता. काका खिडकीवर कोपर टेकून उभे राहिले आणि विचारलं, "साहेब, तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी."

"काय करायलीय?"

बाबूनं पहिल्यांदा मान वर केली. "एम.एस्सी. मायक्रो झाली. आता पीएच.डी. म्हणते."

"हातानं काय काय येतं तिला?"

बाबूला ते माहीत नव्हतं. आपल्याला माहीत नाही, हे त्याला त्या क्षणी कळलं असावं, कारण त्यानं लगेच मुलीला फोन लावला. काकांनी फोन खिडकीतून बाहेर ओढून घेतला. आमच्या मागं दाखल्यांसाठी लांबलचक रांग होती आणि ती आता कुरकुर करू लागली. "ओ काका, आवरा," असं म्हणत एक गृहस्थ तावातावानं पुढं आले. काकांचं 'सूक्ष्मदर्शक' चाललं होतं. गृहस्थ जरा थांबले, ऐकू लागले, आणि मग हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ह्यांचा नंबर मिळंल का? मेव्हण्याचं पोरगं आहे, बायोटेकला."

खिडकीच्या आत बाबू ड्रॉवर उघडून कोरा कागद शोधत होता.